गुणांवर जिंकलेली फाइट

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत उभा होतो. पुढे चार पेन्शनर, मागे आठ-दहा. फोनवर शकुंतलावहिनी होत्या, प्रल्हादच्या पत्नी. "भाऊजी, हे गेले. अंघोळीले पानी काढ म्हने, मी काढून आली तं..." मी रांग सोडली नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण सोडली नाही. नंबर आला, मशीनवर अंगठा टेकवला, मी जिवंत असल्याची नोंद झाली आणि मग बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसलो. रडू आलं नाही. नुसता थकवा आला.

प्रल्हादची आणि माझी ओळख रिंगमध्ये झाली. कॉलेजात असताना आम्ही दोघंही बॉक्सिंग खेळायचो, तो अमरावतीचा, मी अकोल्याचा. विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत आम्ही समोरासमोर आलो. पहिल्या फेरीत मी थोडा टिकलो. दुसरीत त्याचा डावा हात कुठून येतो तेच कळेना. तिसरीत तर त्याने मला दोरांवर धरून ठेवलं होतं. शेवटची घंटा झाली तेव्हा माझ्या नाकातून रक्त येत होतं आणि त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पंचांनी गुणांवर निकाल दिला आणि माझा हात वर केला. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. पंच माझ्या जातीचे होते, प्रल्हादच्या नव्हते, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. मी काही विचारलं नाही. प्रल्हादने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चाल, भूक लागली." मैदानाबाहेरच्या गाडीवर आम्ही आलुबोंडे खाल्ले आणि जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण यावर वाद घातला. तो वाद पुढे पंचेचाळीस वर्षं चालला. त्या दिवशीच्या फाइटचा विषय मात्र एकदाही निघाला नाही.

त्या स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर मला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी कार्यालयात नोकरी लागली. त्या नोकरीवर मी घर बांधलं, दोन मुली शिकवल्या, निवृत्त झालो. प्रल्हाद मोर्शीकडच्या एका विनाअनुदानित शाळेत पीटीचा मास्तर झाला आणि शाळेला अनुदान मिळायची वाट बघत म्हातारा झाला. अमरावतीहून रोज एसटीने जायचा-यायचा. पोरांना ग्लोव्हज नसायचे, तर जुन्या गोधड्यांचे तुकडे हाताला बांधून शिकवायचा. मी महिन्यातून एखादा रविवार अमरावतीला जायचो आणि त्याच्या घरी ओट्यावर आमची बैठक बसायची.

वाद घालायला आमच्याकडे रद्दीतून आणलेली इंग्रजी मासिकं होती. परदेशी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांना आमची नावं दिली होती. घणासारखा हात चालवणारा तो लोहार, बोलत बोलत मारणारा तो वकील, डाव्या हाताचा तो डावरा. पहिल्या पाचांत कोण, पहिला कोण, एका काळातल्या माणसाची दुसऱ्या काळातल्याशी तुलना होऊ शकते का... वहिनी म्हणायच्या, "हे लोकं तुमाले वयखत तरी हायेत काय?" प्रल्हादचा पहिला नंबर लोहाराचा. माझा डावऱ्याचा, आणि डावऱ्याच्या कारकिर्दीतली एक हार मला मान्य नव्हती.

"डावऱ्याले त्या फाइटमंधी लुटलं पंचायनं," मी म्हणायचो. "साऱ्या जगानं पाह्यलं."

"पाह्यलं अशीन. पंचायनं काय लिवलं? हात वर केला, फाइट संपली."

"अन् न्याय?"

"न्याय कोर्टात भेटते लेका. रिंगमंधी निकाल भेटते."

दरवेळी मी हाच विषय काढायचो आणि दरवेळी तो तिथेच थांबायचा. त्याने एकदा तरी 'हो, लुटलं' म्हणावं असं मला वाटायचं. मला डावऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, हे आता कळतं. बहुधा प्रल्हादला तेव्हाही कळत होतं.

पाच वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. मग शब्द सापडेनासे झाले, मग रस्ते. एकदा भाजी घ्यायला गेला आणि घर सोडून दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्याच्याच ओट्यावर जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी डोक्याला बसलेल्या मारानेही असं होऊ शकतं. परतताना बसमध्ये मी हिशेब करत बसलो, त्यातले माझे ठोसे किती असतील...

वहिनींनी सांगितलं, जमलं तर दर रविवारी या, तुम्ही आलात की ते बोलतात. मी जाऊ लागलो. अकोला ते अमरावती बस, स्टँडवरून ऑटो, त्याच्या खोलीतली खुर्ची, आणि यादी. "सांग, सगळ्यात मोठा कोन?" तो विचारायचा. मी डावरा म्हणायचो, तो लोहार म्हणायचा, आम्ही भांडायचो, आणि दहा मिनिटांनी तो पुन्हा विचारायचा, "सांग, सगळ्यात मोठा कोन?" एका दुपारी चार-चार वेळा. पुढे त्याच्या डोक्यातून लोहार गेला, वकील गेला, प्रश्न तेवढा राहिला. मी थकलो. पाहुणे आलेत असं खोटं सांगून मी लागोपाठ तीन रविवार गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "खिडकीतून पाह्यत रायते दिवसभर. तुमचं नाव आठवत नाई. म्हन्ते, तो अकोल्याचा अजून काहून नाई आला?"

त्या दिवशी मी ठरवून गेलो नव्हतो. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, पांघरूण गुडघ्यांवर. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्याने विचारलं, सगळ्यात मोठा कोण, आणि मला एकदम ते डावऱ्याचं सोंग नकोसं झालं.

"प्रल्हाद," मी म्हणालो, "त्या फायनलमंधी तू जिंकला होता."

"कोनती फाइट?"

पंचेचाळीस वर्षं जे तोंडात घोळवलं ते बाहेर आलं, तेव्हा ते ऐकून घेणारा माणूसच तिथे उरला नव्हता. काय करणार? मी त्याला सगळी फाइट सांगितली. तीन फेऱ्या, एकेक ठोसा, मला आठवत होता तसा. कधी नव्हे इतकं तो लक्ष देऊन ऐकत होता. डावा हात पांघरुणावर जरा जरा हलत होता.

"मंग?"

"मंग घंटा झाली. तू जिंकला."

"अन् समोर कोन होता?"

"होता एक अकोल्याचा."

"चांगला होता काय?"

"बरा होता."

"बरा कसा?" तो चिडला. "फायनलले आला म्हन्जे चांगलाच अशीन."

मी उठून खिडकीपाशी गेलो. ही आमची शेवटची भेट. त्यानंतर पुन्हा जायचा धीर मला झाला नाही, आणि महिनाभराने तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या, मी शेजारी. त्यांचा मुलगा अमोल पुण्याहून आलेला, दाराशी कुणाला तरी निरोप देत होता. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? शेवटचा महिना यायनं एकच लावलं होतं. मी फायनल जिंकलो, मी फायनल जिंकलो. दूधवाल्याले सांगे, इंजेक्शन द्याले येनाऱ्या सिस्टरले सांगे. आमाले इसरले, पन थे नाई इसरले. इतके वर्स मले कधी बोलले नाई. खरं हाय काय थे? का डोकं चालत नव्हतं म्हनून?"

डोकं चालत नव्हतं म्हणून, एवढं सांगून मी सुटलो असतो तरी चाललं असतं. माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? पण खोटं बोलायचेही कष्ट आता होत नाहीत.

"खरं हाय वहिनी," मी म्हणालो. "समोर मीच होतो. त्यानं मले पार हरवलं होतं, अन् हात माहा वर केला. त्याच कागदावर मले नोकरी लागली."

मी वाट बघत होतो, वहिनी काहीही म्हणाल्या तरी ऐकून घ्यायचं असं ठरवून. त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि दाराकडे बघून हाक मारली, "अमोल, इकडं ये, बस. काका तुह्या बापाची फाइट सांगून राह्यले."

अमोल येऊन समोर बसला. मी पहिल्या फेरीपासून सुरुवात केली.