यांचा फेसबुकवरचा स्वर्गवास

कळवण्यास अत्यंत दुःख होते की, माझे यजमान फेसबुकवर वारले आणि त्यांना मारणारी मीच. (प्रत्यक्षात ते आत्ता आत बसून तिसरी भाकर मागत आहेत.)

त्या वर्षी बोंडअळीनं आमच्या नांदगावच्या शेतातला कापूस आमच्याआधीच वेचून घेतला. मग यांनी कापसातली सरकी काढणाऱ्या अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये नोकरीसाठी अर्ज केला. काम एकच : गाडीतून आलेला कापूस नजरेनं पारखायचा. मुलाखतीला बोलावणंही आलं!

मुलगी म्हणाली, "आई, मालक लोक आजकाल आधी फेसबुक पाहतात. बाबाचं काहीतरी चांगलं टाक नं."

मी कामाला लागले! यांचा वाढदिवस होता, पण हे हिवरखेडला बहिणीकडे. आमच्या घरी माणूस गावाला गेला तरी औक्षण चुकत नाही, फोटोचं करतात. अर्जासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला, टेबलावर मांडला, झेंडूचा हार घातला, पुढे निरांजन ठेवलं. वास दरवळावा म्हणून उदबत्तीही लावली. (फेसबुकवर वास जात नाही, हे कोणी सांगितलं नाही.) या सगळ्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'असा माणूस पुन्हा होणे नाही!' फोटो गेला आणि माझा नेटपॅक संपला.

दुसऱ्या दिवशी हे हिवरखेडहून थेट अकोल्याला आले आणि मुलाखतीला मीही सोबत गेले. आम्हाला दारात पाहून मालक ताडकन उभा राहिला.

"तुमी... तुमी तर गेले नं?"

"नाही साहेब, आत्ताच आलो," हे म्हणाले.

मालकानं फोन पुढे केला. हाराखाली श्रद्धांजल्यांची रांग! आमच्या रफिकभाई टेलरनं लिहिलं होतं, 'बडे नेक इन्सान थे. इंटरव्यू की पँट तैयार है, अब कौन ले जाएगा?'

"अहो साहेब, वाढदिवस होता!" मी ओरडले. "हार दिसला का लोक काही पाहत नाहीत, लगेच श्रद्धांजली!"

"लोकायचं जाऊ द्या वहिनी. हे पाहा."

सगळ्यात खाली खुद्द यांचं नाव. आणि यांनीच लिहिलं होतं, 'फार वाईट झालं. कालच बोलणं झालं होतं.'

मी यांच्याकडे पाहिलं. हे टेबलाकडे पाहत होते.

"हार दिसला," हे पुटपुटले. "चष्मा खिशात होता."

"काका," मालक म्हणाला, "इथं कापूस नीट पाहून घ्या लागते. तुमाले तर सोताचं तोंड ओळखू नाही आलं!"

झालं! शेत अळीनं नेलं, नोकरी मी नेली. हे दाराकडे वळले. घाबरून माझ्या तोंडून जे निघालं, ते ऐकून मालक हसता हसता खुर्चीत कोसळला आणि 'सोमवारपासून या' म्हणाला. मी सगळ्या जिनिंगला ऐकू जाईल अशी किंचाळले होते :

"साहेब, कापूस हे चष्मा लावूनच पाहतात हो! बिनचष्म्यानं यायनं फक्त मले पसंत केलं होतं!"