कावळ्याचं बटण

माझ्या आत्याच्या तोंडावर मी एकदा हात दाबून धरला होता. भर दुपारी, तिच्याच शेताच्या बांधावर. ती साठी ओलांडलेली, मी पस्तिशीची. आत्याशी असं कोणी वागत नाही हे मलाही कळतं, पण तिने ओरडू नये म्हणून त्या क्षणी माझ्याजवळ दुसरा इलाज नव्हता.

आत्या मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात एकटीच राहायची आणि स्वतःची शेती स्वतःच करायची. त्या वर्षांत आमच्या भागात शेतीचं पार बिनसलं होतं. बाहेरगावचे पत्रकार गाड्या करून यायचे, एखाद्या घरासमोर थांबून प्रश्न विचारायचे आणि ऊन उतरायच्या आत परत जायचे. शिवारात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, नाहीतर कपाशी. ज्वारी लोकांनी जवळजवळ सोडूनच दिली होती. गावभर ज्वारी असायची तेव्हा पाखरं वाटली जायची. आता एकट्या आत्याने दोन एकर पेरली, की पंचक्रोशीतली सगळी पाखरं तिच्याकडेच जेवायला. एका पत्रकाराने तिला विचारलं, बाई, सगळे सोयाबीन पेरतात, तुम्हीच ज्वारी का? आत्या त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "का म्हणजे? खावाले!"

दाण्यात दूध भरलं, की ती सकाळपासून मचाणावर चढायची. हातात गोफण असायची, पण तिची खरी भिस्त आवाजावर. "गोट्यानं एक पाखरू उठते. थवा उठवाले आवाजच पायजे," असं ती म्हणायची. आणि तो आवाजही एकच नव्हता. राघूंना लांबलचक, मध्येच तोडलेली आरोळी. चिमण्यांना तुटक, भराभर. कावळ्यांना टाळ्यांसकट. मला विचाराल तर तिन्ही सारखेच, नुसता आरडाओरडा. हे माझं मत पुढे मला चांगलंच भोवलं.

त्या वर्षी तिचा घसा बसला तो सुटेचना. अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, लवकर काढा. काढल्यावर पंधरा दिवस बोलायचंही नाही आणि पुढचा महिना ओरडणं अजिबात बंद. ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "जवारी निघाल्यावर पाहू."

"डॉक्टर लवकर म्हणाले ना?"

"अन् तवरिक जवारी कोन राखन?"

मी अमरावतीला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळत होते आणि आवाजाशी खेळण्याचं मला वेड होतं. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "तू ऑपरेशन करून घे. पाखरांचं मी पाहते."

"तू? तुह्या आवाजानं कोंबडी उठत नाही माय."

"माझ्या नाही. तुझ्याच आवाजानं उठवते."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी रेकॉर्डर घेऊन शेतात गेले. बसलेल्या घशानेच ती मचाणावरून ओरडली, आधी राघूंना, मग चिमण्यांना, मग कावळ्यांना. मी सांगेन तितक्या वेळा. शेवटी कंटाळून खाली उतरली आणि भाकरीचं फडकं सोडून तिने मला लांबून हाक मारली, "ये वो पोरीऽऽ, जेवाले ये!" रेकॉर्डर चालूच होता. अमरावतीला आल्यावर मी ते सगळं रेकॉर्डिंग कापून त्याच्या तीन नीटनेटक्या फायली केल्या आणि उरलेला कचरा पुसून टाकला.

मी वापरत होते त्या प्रोग्राममध्ये काही लिहावं लागत नाही. पडद्यावर छोटे चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडायचे. एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे निरोप जातात आणि शेवटच्या चौकोनातून आवाज निघतो. आत्याच्या हातात द्यायला मी तीन बटणांचा डबा केला. एक राघूंचं, दोन चिमण्यांचं, तीन कावळ्यांचं. ती बटण दाबणार, आकडा कॉम्प्युटरकडे जाणार आणि तिचा आवाज भोंग्यातून शेतभर घुमणार, असा बेत.

भोंगा मूर्तिजापूरच्या मंडप-साउंडवाल्या चाचांचा. ते स्वतः बॅटरी आणि अॅम्प्लिफायर घेऊन आले. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, तरी शुकशुकाट. मी म्हटलं, चाचा, तुमची वायर तुटली असेल.

"मेरे भोंगे में जो डालो वही निकलता है, मॅडम," चाचा जराही न रागावता म्हणाले. "आपल्या डब्याले विचारा."

डब्याला विचारलं, म्हणजे येणारा निरोप पडद्यावर छापून पाहिला, तर पहिलं बटण दाबल्यावर तिथे एकोणपन्नास उमटत होता! डब्यातून एक हा आकडा येतच नव्हता, 'एक' हे अक्षर येत होतं, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबी त्या अक्षराचा क्रमांक एकोणपन्नास. माझा चौकोन एकाची वाट पाहत बसला होता. निरोप पोचत होता, पण चुकीच्या प्रकारचा. मी अक्षराचा आकडा करून घेतला आणि भोंग्यातून आत्या अशी कडाडली, की चाचांनी कानावर हात ठेवले. मी एक, दोन, तीन, तिन्ही बटणं दाबून पाहिली. दर वेळी आरडाओरडा झाला. झालं काम, असं मी जाहीर करून टाकलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आत्या आठव्या दिवशी गळ्याला फडकं गुंडाळून मचाणावर हजर. सुट्टी टाकून मीही तिथेच होते. राघूंचा थवा आला, तिने पहिलं बटण दाबलं, भोंगा ओरडला. राघू जरासे उडाले आणि पुन्हा येऊन बसले. तिने माझ्याकडे पाहून जोरजोरात मान हलवली. चिमण्या आल्या, तिने दुसरं दाबलं. पुन्हा मान. मी म्हटलं, "वाजतंय ना? मग? हळूहळू घाबरतील." तिने कपाळावर हात मारून घेतला. खरं सांगायचं तर मला थोडी मजाच येत होती. जन्मात पहिल्यांदा आत्याशी वाद घालताना मी एकटीच बोलत होते.

दुपारी मोठा थवा उतरला. शे-दीडशे राघू एकदम कणसांवर. आत्याने पहिलं बटण दाबलं, राघू हललेही नाहीत, तिने डबा फेकला आणि मचाणावरून उतरून बांधावर धावली. छाती भरून श्वास घेतला. ती आता ओरडणार हे मला दिसलं, आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिच्या गरम श्वासाने माझा तळहात ओला झाला. ती हिसके देत होती, मी सोडत नव्हते, आणि समोर राघू कणसं कुरतडत होते. माझ्या हाताखाली जर ती ओरडली असती, तर ते माझंच पाप होतं. मीच म्हटलं होतं ना, पाखरांचं मी पाहते?

शेवटी तिने माझा हात झटकला आणि गोफण उचलली. दुखऱ्या खांद्याने एक गोटा मारला, मग दुसरा. थोडी पाखरं उठली. मग धापा टाकत ती खाली बसली आणि मलाही ओढून बसवलं. मातीत तिने तीन खडे मांडले, विटेचा तुकडा, काळा गोटा, पांढरी गारगोटी. विटेवर बोट ठेवून एक बोट दाखवलं, गोट्यावर दोन, गारगोटीवर तीन. मग डबा आणून एकेक बटण दाबत गेली. दाबलेल्या बटणाचा खडा वरच्या ओळीत, ऐकू आलेल्या आवाजाचा खालच्या ओळीत. खडे कमी पडले तसे तिने बांधावरून आणखी वेचले. आठ-दहा वेळा केल्यावर मला दिसलं, दोन्ही ओळी एकच होत्या, फक्त खालची एका घराने मागे सरकलेली. दर वेळी भोंगा आधीच्या बटणाचा आवाज ओरडत होता. राघूंवर चिमण्यांची आरोळी, चिमण्यांवर राघूंची. मला तिन्ही सारखेच वाटत होते, टाळ्यांकडेही मी लक्ष दिलं नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं.

पण असं का होतंय ते मला उमगेना. मी पडद्याकडे डोळे फाडून बघत होते, तेवढ्यात पाखरं परत आली आणि आत्याने पुन्हा गोफण घेतली. गोफणीत गोटा ठेवला, मग फिरवली. मी उठून उभीच राहिले. माझ्या प्रोग्राममध्ये बटण दाबलं, की दोन निरोप सुटत होते, एक 'कोणता आवाज' हे सांगणारा आकडा आणि दुसरा नुसता 'वाजव'. जी तार आधी जोडली असेल तिचा निरोप आधी पोचतो, आणि पडद्यावर हे कुठेच दिसत नाही. मी 'वाजव'ची तार आधी जोडली होती. म्हणजे आधी गोफण फिरत होती आणि गोटा मागाहून ठेवला जात होता. सुटत होता तो मागच्या वेळचा गोटा!

दोन्ही निरोपांचा क्रम लावून देणारा एक लहानसा चौकोन मध्ये टाकला. पाच मिनिटांचं काम. आत्याने पहिलं बटण दाबलं आणि राघू असे उठले, की पाहत राहावं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो कौतुकाचा होता की आधीच्या रागाचा, मी विचारलं नाही.

ज्वारी निघाली. दीड महिन्याने आम्ही अकोल्याला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी तिला बोलायला लावलं. आवाज खालच्या पट्टीतला, घासलेला, पण होता. "बोलायला आवाज राहिला, बाई," ते म्हणाले. "गाठ खोल होती. ओरडायचा मात्र आता येणार नाही." येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती.

दुसऱ्या दिवशी चाचांचा भोंगा परत करायचा म्हणून, तो उतरवायच्या आधी मी शेताच्या पार टोकाला पडलेली जादा वायर गुंडाळत होते. कापणी झालेलं मोकळं रान, एक पाखरू नाही. अचानक भोंगा टाळ्यांसकट कडाडला. कावळ्यांची आरोळी. मी इकडेतिकडे पाहिलं. परत कडाडला. बांधावर आत्या बसली होती, एका हातात डबा, समोर भाकरीचं फडकं सोडलेलं. मी धावत गेले.

"कावळे कुठायत?"

"आली ना एक," ती घासल्या आवाजात म्हणाली आणि हसली. मग भाकरी मोडता मोडता खाली पाहून म्हणाली, "मंग काय करू माय? हाक निघत नाही."

मी तिच्यासमोर बसून भाकरी घेतली. ती हाक माझ्याकडे होती. "ये वो पोरी, जेवाले ये" माझ्या रेकॉर्डरमध्ये स्वच्छ आली होती, आणि ती कोणत्याच पाखरासाठी नव्हती म्हणून मी ती कापून फेकली होती. त्या रात्री मी जुनं सगळं उलटंपालटं करून शोधलं. नाही सापडली. आत्याला मी हे कधीच सांगितलं नाही.

पुढे मी तिच्यासाठी जुना भोंगा विकत घेऊन दिला. सुट्टीत गेले, की जेवायच्या वेळी शेतावर कावळ्यांना हाकलणारा तिचा जुना आवाज घुमतो, आणि मी हातातलं काम टाकून त्या आवाजाकडे जाते.