जबलपूरच्या सुवाऱ्या

नव्याण्णव साली लग्न होऊन मी कुडव्याच्या घरात आले आणि त्याच आश्विनात मला जबलपूरला न्यायचं ठरलं. मी इतकी हरखले की माहेरी, कोहमाऱ्याला, निरोप धाडला: नवरात्र उठलं की आम्ही नर्मदेवर जाणार. आईने उलट निरोप पाठवला, नदीत पाय जपून टाक. तो जपून टाकायचा पाय मी आजतागायत टाकलेला नाही.

घरात आम्ही चौघं. मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू, नवरा आणि मी. मामाजी कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. कोणाच्या शेतात पाणी आधी, कोणाच्या मागून, हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ठरवायला पाणी उरलं नाही, माणसं तेवढी उरली. तीही घरातलीच.

पोळा झाला की जबलपूरचा प्लान सुरू व्हायचा. संध्याकाळचा चहा झाला की मामाजी ओसरीवर लाकडी खुर्ची टाकून बसत आणि आम्ही तिघं खाली सतरंजीवर. जायचं ते दसरा झाल्यावर, कोजागिरीच्या आत. त्याआधी नदी गढूळ, भेडाघाटच्या नावा बंद. त्यानंतर हलका, लवकर पिकणारा धान कापायला येतो आणि चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरचं आमचं शेत हाक मारू लागतं. मधले तेवढेच चार-पाच दिवस मोकळे. गोंदियाहून छोट्या लाइनची गाडी धरायची, बालाघाट, नैनपूर करत जबलपूर. खिडकीजवळ कोण बसेल, चहा कोणत्या स्टेशनावर घ्यायचा, सतरंजी कोणी उचलायची, सगळं ठरे.

“गाव कसं, उन्हाचं,” ते सांगत. जवानीत ते एकदा जाऊन आले होते. “पाऊस गेला का घाटाच्या पायऱ्या तापून राह्यते. ओली धोती इकडून तिकडं जाईस्तोवर सुकते.”

हे ऐकताना आत्याबाईंचे हात भाजी निवडायचे थांबत. त्यांना धोतीशी घेणंदेणं नव्हतं. त्यांची थोरली बहीण, जिला त्या ‘बाई’ म्हणत, जबलपूरला दिलेली. नवरा रेल्वेत, घर ग्वारीघाटाकडे. आत्याबाईंची आई त्या लहान असतानाच वारली आणि या बाईनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. दोघींची शेवटची भेट माझ्या नवऱ्याच्या बारशाला झाली होती. आता बाईचे गुडघे गेले होते, तिला गाडीत चढवत नव्हतं. म्हणजे जायचं तर आत्याबाईंनीच, आणि मामाजींनी नेलं तरच. एकटीने जाण्याचा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यातही येत नसे. त्यांना आयुष्यात एवढंच पाहिजे होतं, दोघी जिवंत असताना एकदा बाईच्या मांडीवर डोकं टेकवायचं. हे त्यांनी मला भांडी घासताना सांगितलं होतं, आणि मामाजींना तर ते न सांगताच ठाऊक होतं.

आणि म्हणूनच ते नंबर कापत, म्हणजे जाणाऱ्यांतून नाव काढत. वरणात मीठ जास्त झालं, आत्याबाईंचा नंबर कटला. दुकानातून यायला उशीर झाला, नवऱ्याचा कटला. शेजारणीशी फाटकात उभी राहून मी मोठ्याने हसले, माझा कटला. हसून वगैरे नाही, अगदी सरकारी आवाजात, “तुवा नंबर कटला.” मग दोन-चार दिवस हांजी हांजी करावी, पाय चेपावेत, मग नंबर परत. आश्विनात आमच्या घरासारखं शिस्तीचं घर कुडव्यात नसेल. पाहुणे कौतुक करत आणि मामाजी मान डोलवत.

आमच्या घरची एक रीत होती. प्रवासाला सुवाऱ्या करायच्या. सुवारी म्हणजे आमच्याकडची पुरी, पण मोठी, टम्म, दोन-तीन दिवस टिकणारी. कढई चढली म्हणजे जाणं पक्कं. आणि कढई चढल्यावर जर जाणं मोडलंच, तर त्या सुवाऱ्या घरात कोणी खायच्या नाहीत, सगळ्या गाईला घालायच्या. मोडलेल्या प्रवासाचं अन्न पोटात गेलं तर पुढचा प्रवासही मोडतो असं म्हणत. मामाजी दर वर्षी कढई चढेपर्यंत वाट पाहत आणि मग काहीतरी निघे. धान निसवला नाही नीट. पोटात वाताचा गुबारा धरला. कोणीतरी शिंकलं. आमच्या गाईने जेवढं जबलपूर खाल्लं तेवढं आम्ही कोणी पाहिलं नाही. आश्विनात ती चांगली अंगाने भरत असे.

मी पहिल्या वर्षी रडले, दुसऱ्या वर्षी चिडले आणि तिसऱ्या वर्षापासून पिशवी भरायची सोडून दिली. आत्याबाई मात्र दर वर्षी पिशवी भरत. मला त्यांचा राग यायचा. एवढं कसं कळत नाही या बाईला, असं वाटे. त्यांना कळत होतं. पण न भरावी आणि नेमके याच वर्षी निघाले तर, ही भीती त्यांना कळण्यापेक्षा मोठी होती.

असं काही वर्षं चाललं. तोवर बालाघाटपर्यंत मोठी लाइन झाली, पुढची छोटीच राहिली. त्या वर्षी मामाजींनी कोणाचाच नंबर कापला नाही. वरण खारट झालं तरी त्यांनी निमूट खाल्लं. एका संध्याकाळी तर आत्याबाईंना म्हणाले, “खिडकीपाशी तूच बस. बाईचं घर तुले पयले दिसलं पाह्यजे.” आत्याबाई चक्क लाजल्या. त्यांनी बाईसाठी बाजारातून छापील सुती लुगडं आणवलं, तिला आवडतात म्हणून कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या. माझाही विश्वास बसला. मीही पिशवी भरली.

जायच्या दिवशी कढई चढली. मी लाटत होते, आत्याबाई तळत होत्या. मामाजी आत आले आणि त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं.

“झाल्या का सगळ्या?”

“होऊन राहिल्या. थोड्या बाकी आहेत.”

“कायले एवढ्या करून राहिली? तुई बहीण त मरून गेली. पोळ्याच्या आधीच. तेरवी बी झाली.”

आत्याबाईंच्या हातातला झारा तेलातच राहिला. “तुमाले कोणं सांगतलं?”

“तिच्या पोराचा फोन आलता.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

मामाजींनी एक सुवारी दोन बोटांनी उचलली, फुगलीय का ते पाहिलं, परत ठेवली. “सांगतलं असतं त प्लान बिघडला असता,” ते म्हणाले आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले.

कढईतलं तेल त्यांच्या पायावर ओतावं असं मला वाटलं. अजूनही तो दिवस आठवला की वाटतं. नवरा दारात उभा होता, तो मला हळूच म्हणाला, “जाऊ दे.” या दोन शब्दांवर त्याने आपला जन्म काढला आहे.

आत्याबाई रडल्या नाहीत. लाटलेल्या सुवाऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या सगळ्या तळल्या, तेल गाळून ठेवलं, मग विहिरीवर जाऊन लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. बहिणीचं सुतक त्यांनी असं एकटीने, तेरवी उलटून गेल्यावर पाळलं. संध्याकाळी सुवाऱ्या आणि वड्या गाईपुढे ठेवल्या. नवं लुगडं पेटीत गेलं. पुढच्या पोळ्यानंतर मामाजींनी खुर्ची टाकली तेव्हा त्या पुन्हा सतरंजीवर येऊन बसल्या, फक्त भाजी निवडायचे हात आता थांबत नव्हते.

मग मामाजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. समज पूर्ण शाबूत होती, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. आत्याबाईंनी त्यांचं सगळं केलं. पुसणं, भरवणं, कूस बदलणं. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. लोक म्हणत, बायको असावी त अशी. मीही तसंच म्हणे.

एकदा गावाकडचे एक ओळखीचे भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, जबलपूरला नर्मदेच्या काठी एक वैद्य आहे, तेल लावून लकव्याची माणसं चालवतो, माझा साळा चालला. खरंखोटं देव जाणे. पण मामाजींनी डाव्या हाताने त्या माणसाची बाही धरली आणि सोडेचनात. तो गेल्यावरही दिवसभर ते आत्याबाईंकडे पाहून “ज, ज” करत राहिले.

“होय, जाऊ ना,” आत्याबाई म्हणाल्या. “नवरात्र उठू द्या.”

पोळा झाला. एका संध्याकाळी चहा झाल्यावर आत्याबाईंनी मामाजींची खाट ओसरीवर आणवली आणि लाकडी खुर्ची टाकून त्या स्वतः तिच्यावर बसल्या. मी आणि नवरा सवयीने सतरंजीवर. त्यांनी प्लान सांगायला सुरुवात केली. दसरा झाला का, कोजागिरीच्या आत. छोट्या लाइनचा आता भरोसा नाही, म्हणून जीप. मधल्या सीटवर गादी, खिडकीशी मामाजींचं डोकं. गाव कसं, उन्हाचं. पायऱ्या तापून राह्यते. शब्द तेच होते, एकही वेगळा नव्हता. मामाजी कान देऊन ऐकत होते, आणि वैद्याचं नाव निघालं की डावा हात खाटेवर आपटत. मला तेव्हा वाटलं, आत्याबाई सगळं विसरल्या, किती मोठं मन आहे.

एका दुपारी त्यांनी भरवलेला दलिया मामाजींनी थुंकला. आत्याबाईंनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमचा नंबर कटला.” मामाजी संध्याकाळपर्यंत रडत राहिले. अर्ध्या चेहऱ्याने रडणं पाहवत नाही. रात्री त्यांनी निमूट सगळं खाल्लं, तेव्हा नंबर परत मिळाला. मी रिकामी वाटी उचलून घासायला नेली.

नवऱ्याने वैद्याचा फोन नंबर मिळवून जबलपूरला फोन लावला. स्वयंपाकघरात येऊन आत्याबाईंना म्हणाला, “माय, बोललो मी त्याच्याशी. घेऊन या म्हणते. कोजागिरीच्या आत आले त बरं म्हणे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “जीपवाल्याले मी सांगन.”

दसरा झाला. ठरल्या दिवशी सकाळी नवऱ्याने मामाजींची दाढी केली, नवी बंडी घातली. आत कढई चढली. तळणाचा वास ओसरीवर गेला तसे मामाजी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. अगदी लहान मुलाचं हसू होतं, आणि त्या क्षणी मला त्यांची खरीच दया आली.

शेवटचा घाणा काढून आत्याबाई झारा हातात घेऊनच बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले.

“झाल्या सुवाऱ्या,” त्या म्हणाल्या. “पण आता कायले जाता? तो वैद त मरून गेला. पोळ्याच्या आधीच. तेरवी बी झाली.”

मामाजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. नवऱ्याने तोंड उघडलं. त्या वैद्याशी तो चार दिवसांपूर्वी बोलला होता. त्याने आईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. या वेळी त्याने जाऊ दे सुद्धा म्हटलं नाही.

“सांगतलं असतं,” आत्याबाई म्हणाल्या, “त प्लान बिघडला असता.”

जीप आली नाही. जीपवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मामाजींनी मान भिंतीकडे वळवली आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघत राहिला. काय करावं ते न सुचून मी आत आले आणि नेहमीप्रमाणे सुवाऱ्यांची टोपली उचलून गोठ्याकडे निघाले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

“कुठं नेऊन राहिली?”

“गाईले.”

“गाईले जाणं मोडलं त देतेत. इथं काय मोडलं? कोणाले जायचं होतं?” त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली. “बस. गरम आहेत तवर खाऊन घे.”

त्यांनी तीन ताटं मांडली. नवरा मान खाली घालून बसला. मीही बसले. मला आत्याबाईंची भीती वाटत होती, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुवाऱ्या टम्म फुगल्या होत्या, लोणच्याबरोबर फार छान लागत होत्या. बाहेर आवाज चालूच होता. आत्याबाईंनी मला आणखी दोन वाढल्या आणि मी नको म्हटलं नाही.