गडचांदूरच्या पाहुण्यांचं माओरी स्वागत

पाहुण्यांना दारात अडवून त्यांच्याकडून गाणं म्हणवून घेणं, याला न्यूझीलंडच्या माओरी लोकांत आदर समजतात. आमच्या आरमोरीत समजत नाहीत.

हा फरक सुनेला आधीच कळायला हवा होता, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे. मी म्हणते, शिकवण्याच्या कामात थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच! (हे मी मनात म्हणते. मोठ्यानं म्हणण्याइतकी पत त्या दिवसापासून उरलेली नाही.)

माझी दोन मुलं, सम्यक आणि मैत्री, शाळेत जात नाहीत. त्यांना मी घरीच शिकवते. हे मी ठरवलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुले जमन का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "शाळेत खिचडी तरी भेटते वो माय." मग शेजारच्या छायाबाईंनी त्यांची पिंकी आणि धाकटा गोलूही माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. मला वाटलं, चला, निदान एका बाईचा तरी माझ्या पद्धतीवर विश्वास बसला! पुढे कळलं की पोरं घरात नसली की छायाबाईंना दुपारची झोप लागते.

माझी पद्धत अशी की पुस्तकातलं जग पाठ करायचं नाही, करून बघायचं. दर आठवड्याला एक देश. जपानच्या आठवड्यात आम्ही खराट्याच्या धुतलेल्या काड्यांनी भात खाल्ला. सकाळी सुरू केलेला भात संध्याकाळपर्यंत पुरला. उत्तर ध्रुवाच्या आठवड्यात भर मे महिन्यात गाद्या उभ्या करून इग्लू बांधला. चौघं आत शिरली आणि घामोळ्या घेऊन बाहेर आली. इजिप्तच्या आठवड्यात गोलूला सासूबाईंच्या नव्या पातळात गुंडाळून ममी केलं आणि बाजेवर निजवलं. सासूबाई बुद्धविहारातून मन शांत करून परतत होत्या. दारात पाऊल टाकलं, बाजेवर ते पाहिलं, आणि मग त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून ममी उठून पळाली. त्यानंतर घरात काही दिवस शांतता होती, पण ती विहारातली नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना न्यूझीलंड आलं.

माओरींची स्वागताची रीत मी मोबाईलवर पाहिली आणि मला अक्षरशः भरून आलं. पाहुणा फाटकाशी आला की यजमानांचा एक योद्धा डोळे वटारून, जीभ काढून, मांड्यांवर थापा मारत पुढे येतो आणि जमिनीवर एक पान ठेवतो. पाहुण्यांच्या म्होरक्यानं ते पान उचललं की समजायचं, मित्र आहे. मग यजमान गातात, मग पाहुणे गातात, आणि शेवटी नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून दोघं एकच श्वास घेतात. केवढी सुंदर कल्पना! चौघांनी ती दोन दिवस घोटली. सम्यक योद्धा, मैत्री निवेदक, पिंकी नियम सांभाळणारी आणि गोलू बाकीचं सैन्य. माओरी गाणं मला येत नव्हतं, म्हणून नऊचा पाढा चालीवर बसवून दिला.

आणि शेवटी मी एक भाषण केलं. ते भाषण मी केलं नसतं तर हा लेखही नसता. मी म्हणाले, "बघा, पाठ केलेलं विसरतं, केलेलं विसरत नाही. आता खरे पाहुणे आले की तुम्ही स्वतःच करायचं. माझ्या सांगण्याची वाट बघायची नाही. आणि स्वागत चालू असताना घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसानं मध्ये बोलायचं नाही, असा नियम आहे." (असा नियम नाही. तो मी सासूबाईंसाठी केला होता.)

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेला, करुणाला, बघायला गडचांदूरहून पाहुणे यायचे होते.

बघायला म्हणजे नावापुरतंच. करुणा इथल्या दवाखान्यात नर्स. मुलगा प्रशांत, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेत. एका मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली आणि तेव्हापासून करुणाला फोनवर बोलायला गच्चीच लागायची. दोघांचं ठरलेलं होतं. पण प्रशांतला वडील नाहीत, त्याला मामाजींनी वाढवलेलं. मामाजी हो म्हणाले तरच लग्न, नाही म्हणाले तर प्रशांत त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे त्यानं करुणाला आधीच सांगितलेलं. आणि हे मामाजी कोण? रिटायर्ड हेडमास्तर! दारोदार फिरून पोरांना कान धरून शाळेत आणण्यात ज्यांचा जन्म गेला ते!

"पोरं शाळेत नाई जात हे त्याइले समजू देऊ नको," सासूबाईंनी मला बजावलं. "इचारलं तर सम्यक चौथीत, मैत्री पयलीत. आन् त्या दिवशी चौघाइले छायाकडे ठेव."

 आदल्या दिवशी करुणा माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, एक दिवस. फक्त एक दिवस काही नवीन शिकवू नको." मला तिची फार माया वाटली. मी वचन दिलं आणि पाळलंही. त्या दिवशी मी काहीही नवीन शिकवलं नाही.

पाहुणे जेवणाच्या वेळेला येणार होते. आले सकाळच्या चहाच्या वेळेलाच. नवरा जिलेबी आणायला गेलेला, माझे हात वड्यांच्या पिठात, करुणाच्या एका डोळ्यात काजळ आणि दुसऱ्यात नाही, कारण मधेच काजळाची डबी गायब झाली होती. ती डबी आम्ही तिघी शोधत असताना फाटकाबाहेर जीप थांबली आणि पाठोपाठ अशी डरकाळी उठली की मला वाटलं, वाघ गावात शिरला. मी धावत ओसरीवर आले.

छायाबाईंकडे ठेवलेला सम्यक तिथून निसटून फाटकात उघडाबंब उभा. डिसेंबरची थंडी, अंगावर फक्त चड्डी, तोंडावर, कपाळावर, नाकावर काजळाचे पट्टे! मागे बाकीची तिघं तशीच रंगलेली. समोर सफारीतले मामाजी, त्यांच्यामागे प्रशांत आणि त्याची आई. जमिनीवर पळसाचं पान.

"बाळा, बाजूला हो," मामाजी म्हणत होते. "बाथरूम कुठी आहे जी?"

बिचारे गडचांदूरपासून जीपमध्ये बसून आलेले, त्यात शुगर. आणि आमचं बाथरूम अंगणाच्या कोपऱ्यात, फाटकातून अगदी समोर दिसणारं! सम्यकनं उत्तरादाखल मांडीवर थाप मारली आणि जीभ काढली.

"हे काय आहे? कोन्या शाळेचा आहेस तू?"

झालं! पहिलाच प्रश्न! पण योद्ध्याला बोलायची परवानगी नसल्यामुळे (माझी शिस्त!) सम्यकनं फक्त डोळे आणखी वटारले. मैत्री पुढे झाली.

"पान उचला. उचललं तर तुमी मित्र. नाई उचललं तर शत्रू."

"आन् शत्रू असलो तर?"

हे मी शिकवलं नव्हतं. मैत्रीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तर वापस जा."

माझ्यामागे सासूबाईंच्या हातातला तांब्या पडला. मी ओरडले, "सम्यक! मैत्री! सोडा त्यांना आत!"

"आई, मधात बोलाचं नाई. तूच सांगतलं होतं."

मामाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हे कोणाचं काम आहे, ते त्यांना तिथेच कळलं. हेडमास्तरांना शिक्षा कोणाला करायची ते नेहमी कळतं.

प्रशांत चटकन वाकला, पण पिंकीनं त्याला थांबवलं. "तुमी नाई जी. सगळ्यात मोठे जे आहे त्याइनंच उचलाचं."

मामाजींच्या कमरेला कंबरदुखीचा पट्टा होता. तो करकरवत ते वाकले, पान उचललं आणि तसेच अर्धवट वाकलेले राहिले. एव्हाना रस्त्यावर माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं, "नाटकाची तालीम आहे का जी?" आमच्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम, त्यात असं काहीही दिसलं की लोक आधी नाटकच समजतात. दुसऱ्यानं मामाजींकडे बोट दाखवून सांगितलं, "हे म्हाताऱ्याचं काम जोरदार करून राह्यले."

मग चौघांनी नऊचा पाढा सुरू केला, चालीवर, मांड्यांवर थापा मारत. मामाजींचा चेहरा घट्ट आवळलेला. पण गोलूचं नेहमीचं अडतं तिथेच अडलं. "नऊ साते... नऊ साते..."

"त्रेसष्ट!" मामाजी ओरडले. सवय!

"आता तुमचं गानं," पिंकी म्हणाली.

"मले गानं येत नाई रे बाबा! मले आत जाऊ द्या!"

पिंकीला त्यांची दया आली. "पाढा चालन."

आणि मग आमच्या फाटकात, भरल्या रस्त्यासमोर, त्या सद्गृहस्थांनी डोळे घट्ट मिटून, पाय जुळवून, एका श्वासात एकोणतीसचा पाढा म्हटला! एकोणतीस अठ्ठावन्न सत्त्याऐंशी एकशे सोळा, मालगाडी धडधडत निघावी तसा! एवढा वेगवान पाढा मी आजवर ऐकलेला नाही, आणि त्यामागची प्रेरणाही शाळेत मिळण्यासारखी नव्हती. रस्त्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. नेमकी त्याच वेळी करुणा रडत रडत ओसरीवरून धावली आणि बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावून बसली. मामाजींचे डोळे मिटलेले होते म्हणून त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं. इतका वेळ मला नुसती लाज वाटत होती. आता कळलं की या पोरीचं सगळं आयुष्य मी एका पळसाच्या पानावर ठेवलं होतं.

नाकं राहिली होती. मामाजी पुन्हा वाकले. सम्यकचं नाक, मैत्रीचं नाक, पिंकीचं नाक. गोलूचं नाक डिसेंबरात कायम वाहतं. पण गोलू त्या चौघांत सगळ्यात मन लावून शिकणारा. त्यानं मामाजींचे दोन्ही कान धरले, नाकाला नाक टेकवलं आणि मी शिकवलं होतं तसा एक लांब, खोल, सुर्र्र असा श्वास घेतला.

"या," मैत्री फाटक उघडत म्हणाली. "हे घर तुमचंच आहे."

मामाजी पट्ट्यासकट पळाले. बाथरूमच्या दाराशी पोचले, ढकललं. कडी!

"कोन आहे आत?"

आतून हुंदका आला.

"बाई, कोन हाय माहीत नाई, पन मी हात जोडतो! बाहेर ये! रडाचं काम मंग करजो!"

कडी निघाली. एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरा, गालावर ओघळ अशी करुणा दारात उभी. समोर हात जोडून मामाजी, नाक काळंकुट्ट, कपाळावर पट्टे. तिनं बघितलं आणि रडता रडता तिला असं हसू फुटलं की तिनं पदर तोंडात कोंबला. मामाजी तिच्या बाजूनं आत घुसले आणि कडी लागली. तर असा आमच्याकडे मुलगी बघण्याचा कार्यक्रम पार पडला.

पुढे घरात जे झालं ते बैठक म्हणून. नवराही जिलेबी घेऊन आला. मामाजी तोंड धुऊन येऊन बसले. नाकाचा काळा रंग तेवढा राहिला होता, आणि ते सांगायची कोणाची हिंमत नव्हती. करुणा आतल्या दाराशी उभी होती. प्रशांत तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"हा मोठा पोरगा कितवीत आहे?" मामाजींनी विचारलं.

"चौथीत जी," सासूबाई म्हणाल्या.

"आजी," सम्यक प्रामाणिकपणे म्हणाला, "आपन कुठी शाळेत जातो?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "मामाजी, मुलं शाळेत जात नाहीत. मी घरीच शिकवते. आजचं सगळं मीच शिकवलेलं होतं. करुणाचा यात काडीचाही दोष नाही."

"ते मले फाटकातच समजलं," मामाजी म्हणाले.  सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"प्रशांत," मग ते म्हणाले, "मी या घरी आलो. लहानानं मले अडवलं, मोठ्याइनं उभं राहून पाह्यलं. एकट्या या पोरीनं हाक मारल्याबरोबर दार उघडलं. आपल्याले पोरगी पसंत आहे."

सासूबाईंचे डोळे उघडले आणि भरले. प्रशांतनं पहिल्यांदा मान वर केली. माझं तर रडूच फुटायच्या बेतात होतं.

"पन आमची एक अट आहे."

सगळं पुन्हा थिजलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. हुंडा मागितला तर सरळ उठून नमस्कार करायचा, असं आमचं घरात आधीच ठरलेलं होतं. तो घसा साफ करून म्हणाला, "बोला जी."

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. "लग्नाच्या दिवशी पाहुन्याइच्या स्वागताले ह्या वहिनीबाई नको."

"मंजूर!"

हा करुणाचा आवाज होता. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं उच्चारलेला पहिला शब्द! पाठोपाठ सासूबाई म्हणाल्या, "मंजूर जी," आणि त्यांच्या पाठोपाठ, जिलेबीचा पुडा हातात धरून, माझा सख्खा नवराही. हुंडा मागितला असता तर याच तिघांनी बैठक मोडली असती. माझ्या बाबतीत मात्र घासाघीस करायलासुद्धा कोणी तोंड उघडलं नाही!