बावीस मिनिटं

३ मार्च. एकोणीस हजार चारशे पन्नास रुपये. त्या दिवशी सुट्या भागांच्या आमच्या गोदामासाठी नवा टॅब आला. मागणीपत्र मी लिहिलं होतं, तेव्हा पुढचंही मीच लिहिलेलं बरं.

टॅब ज्यांच्या हातात गेला ते आमचे मोजणीदार. एकतीस वर्षं बेअरिंग, बोल्ट, पट्टे मोजत आलेत. आकडा कधी चुकला नाही, म्हणून त्यांना सगळे बिनचूक म्हणतात. घरी जाताना पायात दोन्ही चपला आहेत ना, हेही मोजून बघतात अशी गोदामात चेष्टा चालते.

जुना टॅब रोज साडेबाराच्या सुमारास अडकायचा. बंद करून चालू केला, की सगळी यादी पहिल्यापासून उतरवून घ्यायचा. हमाल म्हणायचे, "झाली वामकुक्षी सुरू!" तक्रारवहीत 'वाया गेलेला वेळ' असा एक रकाना आहे. इतर लोक तिथे 'बराच' लिहून मोकळे होतात. बिनचूक रोज लिहायचे : बावीस मिनिटं.

मी वर्षाची बेरीज मारली. दोनशे शहाऐंशी दिवस, एकशेचार तास बावन्न मिनिटं. मोठ्या साहेबांनी आकडा बघितला आणि उभ्या उभ्या सही केली. मला त्या बेरजेचं फार कौतुक वाटलं होतं.

नवा टॅब सांगितल्याप्रमाणे निघाला. चार सेकंदांत चालू होतो, दिवसभर चार्जिंग पुरतं. पाच मिनिटं नोंद झाली नाही, की पर्यवेक्षकाच्या टेबलावर घंटी वाजते.

"काय बिनचूक, कसा आहे नवा गडी?" आठवड्याने मी विचारलं.

"चांगला आहे साहेब. थांबतच नाही."

"म्हणजे पैसे वसूल!"

"कंपनीचे झाले." मग जरा घुटमळून म्हणाले, "जुना कुठे ठेवलात हो?"

"बदल्यात देऊन टाकला. हजार रुपये सुटले."

"परत मिळेल का? मी विकत घेतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. माल उतरवायच्या मागच्या दाराजवळ उभे होते, नजर बाहेरच्या गल्लीत. तिसरं घर त्यांचं. अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षं बायको अंथरुणाला खिळलेली. घरात तिसरं माणूस नाही. मग कळलं : टॅब अडकला की हे मागच्या दारातून घरी जायचे, तिची कूस बदलायचे, चार घास भरवायचे आणि यादी उतरेपर्यंत परत यायचे.

"अहो, मग मला सांगायचं नाही का!"

"काय सांगू साहेब? टॅब अडकतो म्हणून बायको जेवते?"

"निदान वहीत तरी कमी लिहायचंत. पाच मिनिटं, दहा मिनिटं."

"बावीस लागायची ना पण."

एवढ्यात पर्यवेक्षकाच्या टेबलावर घंटी वाजली. पलीकडून पर्यवेक्षक ओरडला, "बिनचूक, झोपलात काय?" ते बोल्टच्या मांडणीकडे वळले.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. जेवणाच्या सुट्टीतही गोदामाबाहेर जायला बंदी आहे, पण बिनचूकना दुपारी बावीस मिनिटं बाहेर सोडा, हवं तर पगारातून कापा, म्हटलं. साहेब म्हणाले, "घरी आजारी माणूस कुणाकडे नाही? एकाला सोडलं की उद्या दहा जण दारात." वर माझाच कागद पुढे केला. वाचलेल्या एकशेचार तासांत मोजायच्या म्हणून दोन नव्या मांडण्या बिनचूकना देऊनही झाल्या होत्या. कागदाखाली सही माझी.

नोकरी सोडावी तर औषधं कशावर आणायची? निवृत्तीला अजून एकोणीस महिने. बिनचूकनी पहिल्या दिवशीच दिवस मोजून ठेवले असतील; मी विचारलं नाही.

शेवटी बिनचूकनी शेजारणीला सांगितलं. दुपारी येऊन भरवायचं, रोजचे तीस रुपये. बाई मायेची आहे, पण बायको तिच्या हातून खातेच असं नाही. काही दिवशी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहते, तशीच सहापर्यंत उपाशी. मागच्या दारापासून ते घर चाळीस पावलं आहे. सहाला बिनचूक येऊन पहिला घास पुढे करतात, तेव्हा तोंड उघडते.

ज्या दिवशी ती खात नाही त्या दिवसाचे पैसे शेजारीण घेत नाही. "वहिनी जेवल्याच नाहीत, मग कसले पैसे भावजी?" म्हणते. बिनचूकना ते पटत नाही. बाई आली होती, वेळ गेला होता.

मार्चअखेर असे चार दिवस झाले. शेजारणीचे एकशेवीस रुपये द्यायचे बाकी आहेत.