कुशाबाईची सुपारी

कळसच्या सोनबा वाजंत्र्याची सनई ऐकलेली माणसं आता थोडी उरलीत. जी आहेत ती सनईबद्दल कमी बोलतात आणि त्याच्या उपरण्याच्या गाठीबद्दल जास्त.

सुपारी घेतल्याशिवाय सोनबा वाजवत नसे, यात नवल नाही. कुठलाच वाजंत्री वाजवत नाही. लग्नघरचा माणूस दारात येतो, हातावर सुपारी ठेवतो आणि बोलणं पक्कं होतं. बाकीचे ती कनवटीला लावत, नाहीतर कोनाड्यात टाकत. सोनबा ती उपरण्याच्या पदरात बांधायचा, दातानं गाठ आवळायचा आणि कार्य पार पडेपर्यंत ते उपरणं खांद्यावरून उतरू द्यायचा नाही. कार्य झालं की गाठ सोडायची, सुपारी फोडायची आणि ताफ्यातल्या सगळ्यांनी वाटून खायची. सुपारी माघारी जायला वाट एकच. ज्यानं दिली त्यानंच ती परत मागायची. आणि तशी ती कोणी मागत नाही. कारण घरात मरण झालं, कार्य मोडलं, तरच सुपारी माघारी मागतात. सोनबाच्या बापाच्या हयातीत एकदा तसं झालं होतं. हळद लागलेला नवरदेव सापानं गेला होता. त्या घराचं नावही सोनबाच्या घरात घेत नसत.

एकदा त्याची थोरली पोर तापानं फणफणत होती आणि पदरात जळोची गावच्या लग्नाची सुपारी होती. सोनबा पोरीच्या कपाळावर हात ठेवून उठला आणि चालू लागला. पोर वाचली. पण त्याची बायको रतन तेव्हापासून त्या गाठीला सवत म्हणायची. "सवतीला इचारा आदी, मग मला सांगा," असं चारचौघांत बोलायची. सोनबा हसायचा. त्याला ते भूषण वाटायचं.

बावन्न साली पाऊस आलाच नाही. इंदापूरच्या जिराईत भागातली गावं एकेक करून उठली. आधी गुरं गेली, मग तरणी माणसं गेली आणि शेवटी ज्यांना कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं तीही निघाली. बारामतीच्या कालव्याला पाणी आहे, तिथं काही ना काही मिळेल, एवढ्यावर माणसं चालत राहिली. छोट्या गाडीच्या स्टेशनाबाहेर, बाजारतळावर, चिंचेखाली, जिथं पाठ टेकेल तिथं ती बसली. कळसचीही होती त्यांत. कुशाबाई होती. तिचा नवरा कधीच गेलेला, लेक मुंबईकडं गेला तो परत आला नाही, आणि दारचा आड आटला तेव्हा घराला कडी घालून ती एकटीच निघाली होती.

बारामतीत रामहरी म्हणून एक शिंपी होता. टोप्या शिवायचा. त्यानं आणि आणखी चार दुकानदारांनी मिळून निराधारांसाठी मंडळ काढलं. जेवणाचं कसंबसं जमू लागलं, पण थंडी तोंडावर आली होती आणि छप्पर नव्हतं. तेव्हा पिंपळीचे बागायतदार आप्पासाहेब पुढं आले. त्या साली कालव्याच्या पाण्याची पाळी अपुरी पडली, ऊस निम्मा वाळला, आणि त्यांचं गुऱ्हाळ बंद होतं. गूळ आटवायच्या काहिली काढून ठेवलेल्या, वर पाचटाचं जाड छप्पर. "ऱ्हाऊ द्या तितं," ते म्हणाले. बायाबापड्या, पोरंठोरं, सगळी त्या छपराखाली गेली. आप्पासाहेबांनी हे मनापासून केलं, हे सांगितलं पाहिजे.

मग रामहरीला सुचलं की कालव्याकाठच्या गावांतून फेरी काढावी. पुढं सनई, मागं बैलगाडी. लोक दारात येतील, सूपभर ज्वारी घालतील, जुनं पांघरूण देतील. तो चालत कळसला आला.

"सोनबातात्या, मंडळाकडं द्यायला काय न्हाय बरं का," त्यानं आधीच सांगून टाकलं.

"मजुरी कोन मागतंय? सुपारी आनली का?"

रामहरीनं खिसे चाचपले. त्यात दोऱ्याचं रीळ होतं.

"शिंपीदादा, रिळावर सनई वाजत न्हाय," असं म्हणून सोनबाचा चुलतभाऊ बिरदेव खदखदून हसला. बिरदेव ताफ्यात सूर धरायचा, म्हणजे सोनबा सनईवर गात राही आणि हा एकच स्वर न तोडता मागं धरून राही. त्याचं तोंड एरवी कधी बंद नसे. रामहरी वरमला. शेवटी तिघं मिळून पिंपळीला गुऱ्हाळात गेले, लोक तरी बघू म्हणून.

कुशाबाई चुलवणाच्या कडेला पाय पसरून बसली होती. सगळं ऐकल्यावर तिनं कमरेची चंची काढली. चंचीत तंबाखूची भुकटीही नव्हती. तळाशी एक सुपारी होती, अख्खी, घासून गुळगुळीत झालेली.

"दात पडल्यापास्नं जपून ठिवलीया," ती म्हणाली. "घे रं सोन्या. माझ्या लग्नात माझ्या बानं तुझ्या बाला अशीच दिली व्हती. आता ह्या समद्यांची म्हनून मी देती. ह्यो निवारा टिकू दे, एवढंच कार्य हाय आमचं."

"दिली म्हंजी दिली बरं का, आत्याबाई."

"मग काय पाव्हन्यांचा मुहूर्त बघू व्हय?"

सगळं गुऱ्हाळ हसलं. सोनबानं सुपारी पदरात बांधली आणि दातानं गाठ आवळली.

फेरी निघाली. गावोगाव माणसं दारात आली. ज्यांच्याकडं थोडं होतं त्यांनीही ओंजळ दिली. ठरलं असं की मार्गशीर्षातल्या एका बाजाराच्या दिवशी बारामतीच्या बाजारतळावर दिवसभर वाजवायचं आणि फेरी संपवायची. मग गुऱ्हाळात येऊन, सगळ्यांसमोर, ती सुपारी फोडायची. "मला कुटून द्या रं," कुशाबाईनं बजावलं होतं.

आणि नेमका तोच दिवस आप्पासाहेबांच्या लेकीच्या, विजयमालेच्या लग्नाला धरला गेला. मुलगा साताऱ्याकडचा, मुहूर्त तिकडूनच आला. आप्पासाहेबांच्या घरी तीन पिढ्या कळसची सनई वाजत आली होती. त्यांचा कारभारी दत्तोबा सुपारी आणि कोरं धोतर घेऊन सोनबाच्या दारात उतरला.

"त्या दिसाची सुपारी बांधलीया," सोनबा म्हणाला.

"कुनाची?"

"कुशाबाईची."

"कोन कुशाबाई? गुऱ्हाळातली? आरं, मालकाच्याच छपराखाली बसलीया की ती! तिच्यासाठी मालकाचं लगीन सोडनार तू? शानपन हाय का काय?" दत्तोबानं आवाज खाली आणला. "मालक बोलत न्हाईत सोनबा. बोलले आसते तर बरं व्हतं. समजून घे."

सोनबाला समजलं. रामहरीला कळलं तेव्हा तो धावतच आला. "तात्या, तुमी लग्नाला जावा. मी तुमाला मोकळं करतो. बाजारात भजनी मंडळी बशिवतो."

"सुपारी तुमी कुठं दिलीया?"

मग सगळे पुन्हा गुऱ्हाळात गेले. दत्तोबा दाराशी उभा राहिला. रामहरीनं कुशाबाईला सगळं उलगडून सांगितलं. ती बाई अडाणी होती, पण एका छपराची किंमत तिला कोणी शिकवायला नको होती. तिनं तळहात पुढं केला.

"आन हिकडं. माझी सुपारी मी माघारी घेती. छप्पर ऱ्हाऊ दे आमचं."

सोनबाचा हात पदराकडं गेला. बोटं गाठीवर आली आणि तिथंच थांबली.

"आत्याबाई, माघारी घेत्यात ती घरात मढं पडल्यावर. जित्त्या मान्सांच्या छपराखाली मी ह्यो अपशकून करू?"

"मेलं की रं समदं. गुरं मेली, गाव मेला. आता काय ऱ्हायलंय अपशकून व्हायला?"

"मान्सं हायती."

"मान्सांसाठीच मागती हाय रं, मुडद्या!"

बिरदेव न राहवून म्हणाला, "सोड की दादा. सुपारीच हाय, नाळ न्हाय."

सोनबानं गाठ सोडली नाही. त्याच्या मनात अपशकुनाची भीती खरीच होती. पण नुसती तीच नसावी. मोठ्या घरचा निरोप येताच सोनबानं गरिबाची सुपारी सोडली, असं कळसात म्हटलं गेलं असतं, आणि ते त्याला मरणाहून वाईट वाटलं असतं. कुशाबाईचा तळहात बराच वेळ तसाच राहिला. मग तिनं तो आपल्याच मांडीवर पालथा घातला.

बाजाराच्या दिवशी सोनबानं जसं वाजवलं तसं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं. वांग्यांच्या ढिगापाशी, मेथीच्या पेंढ्यांपाशी बाया उठून उभ्या राहिल्या. मोलभाव थांबले. बैलबाजारातले हेडे, म्हणजे गुरांचे दलाल सुद्धा, भाव ठरवताना रुमालाखाली धरलेली बोटं तशीच ठेवून ऐकत राहिले. सनई वर वर जायची, आता तुटणार असं वाटायचं, आणि खालून बिरदेवचा सूर तिला झेलायचा. अंथरलेली धोतरं ज्वारीनं भरली. पोती शिवायला रामहरीची सुई पुरेना. आणि त्याच वेळी पिंपळीत आप्पासाहेबांच्या मांडवात फलटणचा ब्यांड वाजत होता. सनईवाल्यांची मांडवाच्या कडेची जागा रिकामी होती. पाव्हण्यांनी विचारलं, "तुमची सनई कुठं हाय हो?" आप्पासाहेब नुसते हसले, असं सांगतात.

दुसऱ्याच सकाळी, लग्नाची हळद उतरायच्या आत, दत्तोबा गाड्या घेऊन गुऱ्हाळावर आला. गाडीत काहिली होत्या.

"मालकांचा कुनावर राग न्हाय," त्यानं मान खाली घालून सांगितलं. "ऱ्हायलेला ऊस गाळायचाय. जागा रिकामी करा."

पोती शिवता शिवता रात्र झाली म्हणून सकाळवर ठेवलेली सुपारी फोडायची राहूनच गेली.

सोनबा आप्पासाहेबांच्या ओसरीखाली जाऊन उभा राहिला. मुंडासं काढून त्यानं मातीवर ठेवलं.

"मालक, चूक माजी हाय. शिक्षा मला करा. त्या लोकास्नी उठवू नगा."

"कसली चूक?" आप्पासाहेब सुपारीच कातरत होते. "तू सुपारीला जागलास. चांगलं केलंस. मी माज्या उसाला जागतो. त्यात शिक्षा आली कुठं?"

"थंडी लई हाय, मालक."

"व्हय. गूळ चांगला व्हतो थंडीत." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "माजी पोर मांडवात मागं वळून वळून बघत व्हती, सोनबा. सनई कुठनं वाजंल म्हनून." आणि उठून आत गेले.

छप्पर गेलं. ज्वारी मात्र भरपूर होती. कालव्याच्या भरावाखाली, बाभळींत, लोकांनी त्या पोत्यांची थप्पी लावून वाऱ्याला आडोसा केला. इतकं धान्य त्यांनी वर्षात पाहिलं नव्हतं, आणि ते उशाशी घेऊन ते कुडकुडत होते. "माज्या घरी चला," सोनबा एकेकाला म्हणत फिरला. "कळसला पानी न्हाय म्हनून तर आलो की आमी," एक म्हातारा म्हणाला. तरी लेकुरवाळ्या दोघीतिघी गेल्या. रतननं त्यांना घरात घेतलं आणि स्वतः गोठ्यात अंथरूण टाकलं. सवतीचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

कुशाबाईच्या छातीत कफ भरला. रामहरीनं वैद्य आणला, काढा झाला, दोन घोंगड्या झाल्या. सोनबा तिथंच बसून राहायचा. एका सकाळी गवतावर पांढरं दव पडलेलं होतं आणि पलीकडून गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता. गुळाचा वास येत होता. कुशाबाईनं डोळे उघडले आणि घोंगडीतून हात बाहेर काढला. तळहात वर.

"सोन्या, दे आता."

तो समजला. त्यानं गाठीला हात घातला. दातानं आवळलेली, फेरीच्या धुळीनं आणि घामानं दगड झालेली गाठ सुटेना. बिरदेवनं खुरपं पुढं केलं.

"कापू नगं," सोनबा म्हणाला आणि दातानंच ती सोडवू लागला. फार वेळ लागला. म्हातारीचा हात तोवर तसाच पसरलेला होता. सुपारी तळहातावर पडली तेव्हा तिनं बोटं मिटली.

"ह्योच हात व्हता रं तवा बी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोनबाला सोसला असता.

ऊन पोत्यांवर आलं तेव्हा ती गेली. सनई मढ्यापुढं वाजत नाही, म्हणून बिरदेवनं डफडं धरलं. सोनबा खांदेकऱ्यांत होता. तिची मूठ कोणी उघडली नाही.

त्यानंतर सोनबा पुष्कळ वर्षं जगला. दर हिवाळ्यात तो बारामतीच्या बाजारतळावर रामहरीच्या मंडळासाठी वाजवायचा, न बोलावता. त्यातून पुढं मंडळाची पत्र्याची शेड झाली, लोक त्यात राहिले. सोनबा तिच्या दारापर्यंत जायचा, आत गेला नाही.

लग्नाच्या सुपाऱ्या मात्र तुटत गेल्या. कालव्याकाठच्या बागायतदारांनी आप्पासाहेबांचं पाहून ब्यांड धरला, हे एक. पण जे कोणी येत तेही परत जात. सुपारी हातावर पडली की सोनबा ती पदरात बांधत नसे. उघड्या तळहातावर धरून बसायचा आणि देणाऱ्याकडं बघून विचारायचा, "लागली तर माघारी मागशीला न्हवं? लाजू नगा. मी देईन."

पोरीच्या लग्नाची सुपारी देताना असलं मरणाचं बोलणं तोंडावर कोण ऐकून घेईल? माणसं चपापून एकमेकांकडं बघत, सुपारी उचलत आणि पुढच्या गावच्या वाजंत्र्याकडं जात. सोनबा त्यांना अडवत नसे.