वाटेवरची माहेरं

आमच्या झरीत सुनेला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ज्या गावातून आली त्या गावानं मारायची. मी सेलूची, म्हणून सेलूकरीण. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं माझं नाव बहुतेक सेलूच्या स्टेशनावरच राहिलं. पुढं महिला मंडळ निघालं तेव्हा मंडळातही सगळ्या अशाच होत्या. अध्यक्षीण म्हणजे सरपंचाची बायको, ती दैठणेकरीण. तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी पोखर्णीकरीण. आणि सगळ्यांत धाकली, राणीसावरगावची, ती सावरगावकरीण.

मंडळ म्हणजे काय, तर शाळेमागची एक खोली आणि एक शिलाई मशीन. शुक्रवारी दुपारी जमायचं. शेवया करायच्या, पापड लाटायचे, भजन म्हणायचं. भजन कमी आणि उखाळ्यापाखाळ्या जास्त. ग्रामसेविकेनं एकदा निर्धूर चुली शिकवल्या. आम्ही उत्साहानं घरोघरी घातल्या, आणि महिन्याभरात सासवांनी त्यांतल्या निम्म्या फोडून टाकल्या, कारण म्हणे त्यावर भाकरी फुगत नाही. सुरुवातीला वस्तीतल्या बायाही यायच्या. विद्यापीठाच्या नामांतराची जाळपोळ झाली आणि त्या यायच्या थांबल्या. त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही. मंडळ असं होतं, उगाच मोठेपणा कशाला सांगायचा.

तर सावरगावकरीण. तिच्या भावाच्या लग्नात तिच्या सासऱ्याला फेटा बांधायचा राहिला. मुद्दाम नाही, घाईगर्दीत राहिला. पण व्याह्याचा मान तो मान! सासरा भरल्या ताटावरून उठला आणि सुनेला घेऊन तडक झरीला आला. त्या दिवसापासून तिचं माहेर बंद. नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही, पहिल्या बाळंतपणालासुद्धा नाही. नवरा बापापुढं मान वर करणारा नव्हता. एका फेट्यापायी! त्या म्हाताऱ्याचं डोकं आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बांगड्या भरणारी कासारीण गावोगावचे बाजार करायची, गंगाखेडकडंही जायची. तिनं एकदा खबर आणली की सावरगावकरणीच्या मायला लकवा मारलाय. एक अंग गेलंय, बोलणं फुटत नाही, लेकीचं नाव काढलं की तेवढे डोळे वाहतात. ऐकून ही पोरगी रडली नाही. पुढच्या शुक्रवारी मंडळात आली ती थेट मशीनवर बसली आणि मायसाठी चोळी शिवायला घेतली. मऊ कापडाची, ढगळ, लुळा हात सहज आत जावा म्हणून एका बाजूला बाही उघडी ठेवून बंद लावलेली. माप आठवणीतलं. शेवटचा टाका घातल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, मला एकदा बघायचंय तिला. दुसरं काही नको."

श्रावणात मंडळाची सहल निघायची. सहल म्हणजे जिनिंगचा रिकामा ट्रक, त्यात सतरंज्या, आणि आम्ही. त्या वर्षी औंढ्याला जायचं ठरत होतं. मी दैठणेकरणीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, औंढा कुठं पळून चाललाय, गंगाखेडला गंगेचं न्हाण करू आणि तिथून पुढं सावरगावच्या देवीला जाऊ. गावात मात्र नुसतं गंगाखेडच सांगायचं, मग सहलीला जाऊ नको असं सासरा म्हणणार नाही, सरपंचाची बायको सोबत आहे. ट्रक सावरगावात शिरला की ही पोरगी मायला बघून येईल. दैठणेकरीण मनानं वाईट नव्हती. तिचे डोळे भरून आले, तिनं माझ्या हातावर हात मारला. कासारणीच्या हाती सावरगावला निरोपही गेला, की अमक्या सोमवारी लेक येतेय.

पुरुषांनी एकच अट घातली. नामांतराचे दिवस, कधी कुठं रस्ता अडवतील, एसटी फोडतील याचा नेम नाही, तेव्हा दिवेलागणीच्या आत ट्रक गावात पाहिजे. आम्ही हो म्हटलं. पहाटे निघायचं, दुपारच्या आत सावरगाव, संध्याकाळी झरी. सहज होण्यासारखं होतं.

पण चार बायकांत गोष्ट राहते का? परभणी सोडेपर्यंत ट्रकातल्या प्रत्येकीला कळलं की आपण सावरगावकरणीच्या माहेराला चाललोय. आणि पोखर्णी जवळ आली तशी पोखर्णीकरणीला उमाळा आला. तिचंही माहेर वाटेवरच. वाटेवरचं माहेर टाळून पुढं गेलं तर माय काय म्हणेल? पाच मिनिटं, नुसतं पाणी पिऊन निघू.

माहेरी पाच मिनिटं ही गोष्ट आमच्याकडं कधी झालीय का? ट्रकभर बाया दारात उतरलेल्या. पाय धुवायला पाणी आलं. सतरंजी आली. चुलीवर चहाचं भगुलं चढलं. लेकीच्या मैत्रिणी पहिल्यांदा उंबरा चढल्या, म्हणून प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीची ओटी. सवाष्णीनं कुंकवाला नाही म्हणायचं नाही, आणि ओटी भरल्याशिवाय उठायचं नाही. शेजारणी बघायला आल्या, त्यांनीही आपापल्या घरी नेलं. तिथंही चहा.

पुढं दैठणा. आता अध्यक्षीण मागं राहील का? पोखर्णीकरणीचं माहेर झालं आणि माझं काय रस्त्यात पडलंय का, असं ती हसत हसत म्हणाली, पण तोंडावर इरेसरी दिसत होती. ते घर मोठं. तिथं चुरमुऱ्यांचा सुसला आला, उपासवाल्यांना भगर आली, खण आले, तिची भावजय एकेकीच्या केसांत फुलं माळत बसली. मी दोनदा उठून बाहेर गेले, ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला. आतून उत्तर आलं, सेलूकरणीला लय घाई हाय बाई, तिचं माहेर या वाटेवर न्हाई ना! सगळ्या हसल्या.

सावरगावकरीण हसली नाही, रागावलीही नाही. प्रत्येक घरी ती शेवटी उतरायची, कडेला बसायची, चोळीची पिशवी मांडीखाली दाबून धरायची. कुंकू लावून घ्यायची, पदर पसरायची. दुसऱ्यांच्या माहेरचे तांदूळ, दुसऱ्यांच्या माहेरचं खोबरं तिच्या ओटीत पडत होतं. बायकांना वाटत होतं की आपण तिला मायाच देतोय. पुढं आणखी एका खेड्यात कुणाची तरी थोरली बहीण दिलेली होती. तिथंही उतरलो.

गंगाखेडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गंगेला आलो आणि न्हालो नाही असं कसं व्हायचं, म्हणून बाया घाटावर उतरल्या. ओल्या लुगड्यांनी परत आल्या तेव्हा ड्रायव्हरनं हिशोब सांगितला. सावरगाव अजून पुढं, रस्ता खराब. तिथं जाऊन आलं तर झरीला पोचायला मध्यरात्र होईल. दिवेलागणीच्या आत पाहिजे तर इथूनच फिरायला पाहिजे.

मी म्हटलं, होऊ दे मध्यरात्र. होईल ते बघू, चला. माझ्या बाजूनं एकही बोलली नाही. एकीचं लेकरू घरी अंगावरचं पिणारं, एकीचा नवरा तापट, एकीची म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आणि दैठणेकरीण म्हणाली की उशीर झाला तर उद्या मंडळालाच कुलूप लागेल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काय खोटं आहे?

सावरगावकरणीनं तेव्हा तोंड उघडलं. "मला इथंच ठेवा. मी यष्टीनं जाते. उद्या येते."

तिला एकटीला कसं ठेवायचं? सासऱ्याला काय सांगायचं? नेलेली सून वाटेत सोडून आलो म्हणायचं? दैठणेकरणीनं तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं, पुढच्या वर्षी तुझ्यापासूनच सुरुवात करू, आधी सावरगाव, मग बाकी सगळं. असं म्हणताना ती खरंच रडत होती. मला तिच्या रडण्याचाही राग आला. ट्रक फिरला. ती मागच्या फाळक्याला धरून, तोंड गंगाखेडकडं करून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

दैठण्याला पुन्हा ट्रक थांबला. अध्यक्षीणबाईंचा पितळी डबा सकाळी तिथंच राहिला होता. डबा आणायला गेलेली बाई चहा पिऊन आली. झरीत शिरलो तेव्हा गावातले दिवे केव्हाच लागले होते. कुणाही बाईला कुणी काही विचारलं नाही. पुरुष मारुतीच्या पारावर नामांतरावर तावातावानं बोलत होते. त्यांना ट्रक आल्याचं कळलंसुद्धा नसावं.

पोळ्याच्या सुमाराला कासारीण आली. मंडळातच आली, सगळ्यांच्या बांगड्या भरल्या, आणि मग हळूच सांगितलं. त्या सोमवारी म्हातारीला सकाळीच अंघोळ घातली होती. बाज दारात टाकली होती, रस्ता दिसावा म्हणून. ऊन आलं तरी तिनं बाज आत घेऊ दिली नाही. एक हात चालत होता, त्यानं चौकट धरून ठेवली होती. लेक आली नाही. पुढं थोड्याच दिवसांत म्हातारी गेली. दहावं-तेरावंही होऊन गेलं होतं.

मी विचारलं, भावानं झरीला सांगावा का नाही धाडला? कासारीण माझ्याकडं बघेना. बाजारच्या दिवशी कुणीतरी भावाला सांगितलं होतं म्हणे, की झरीच्या बाया ट्रक भरून गंगाखेडला आल्या होत्या, गंगेत न्हाल्या, हसत खेळत परत गेल्या. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "गंगेवर न्हायला वखत होता, मायला बघायला न्हवता. आता तिचं हितं काय हाय?"

म्हणजे आजवर माहेर एका बाजूनं बंद होतं. आमच्या सहलीनं ते दुसऱ्या बाजूनंही बंद केलं.

सावरगावकरीण उठली, घरी गेली, परसात डोक्यावरून पाणी घेतलं. सासऱ्यानं तेव्हा उदार होऊन सांगितलं म्हणे, की जायचं असेल तर जाऊन ये. ती गेली नाही. आम्ही भाकरी-पिठलं घेऊन गेलो, कडू घास द्यायला. तिनं खाल्लं, ताट धुऊन परत दिलं. कुणाला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

ती मंडळात येत राहिली. मायची चोळी तिनं स्वतःच घातली. बाहीचे बंद तसेच, खांद्यावरून सारखी घसरणारी. मशीन समोर होतं, दोन टाके मारले असते तर अंगाबरोबर झाली असती. तिनं मारले नाहीत, आणि मी देते मारून असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पुढचा श्रावण आला. दैठणेकरणीनं दिलेला शब्द पाळला, हे तिच्या बाजूनं सांगायला पाहिजे. ट्रक ठरवला, सगळ्यांना बजावलं की यंदा मधे कुठंही थांबायचं नाही, नीट सावरगाव. मग ती हिच्याकडं वळली आणि म्हणाली, तू पुढं बस, केबिनमध्ये, वाट तूच दाखव.

सावरगावकरीण पापड लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "तुमी जावा बाई. मला आता कुठंच उतरायचं न्हाई."

ट्रक त्या वर्षी निघाला नाही आणि नंतरही कधी निघाला नाही. मंडळ आपोआप विरलं, मशीन कुणाच्या तरी घरी गेलं. ती झरीतच म्हातारी झाली. गावात तिला अजूनही सावरगावकरीणच म्हणतात.